झॅबिक्सच्या एपीआयसाठी पायथॉन लायब्ररी लिहितोय, प्रत्येक गोष्टीचा क्लास करायचा का?

रात्रपाळीवाला
मंडळी, आमच्याकडे नेटवर्क मॉनिटरिंगला झॅबिक्स आहे, दोन सर्व्हर, एक अजून ५.० वर अडकलेला आणि दुसरा ७.० वर. प्रत्येक टीमने त्याच्या एपीआयवर (प्रोग्रामने झॅबिक्सशी बोलायची सोय) आपापल्या स्क्रिप्टा लिहून ठेवल्यात, कोणी होस्ट अ‍ॅड करायला, कोणी रिपोर्ट काढायला, आणि सगळ्यांत लॉगिनचा तोच कोड कॉपी-पेस्ट. म्हणून म्हटलं एकदाची नीट क्लायंट लायब्ररी करून टाकू. आता तीन आठवडे झाले, होस्टचा क्लास, आयटमचा (मोजायची एकेक गोष्ट) क्लास, ट्रिगरचा (इशारा कधी द्यायचा तो नियम) क्लास, एकेक फील्ड टाइपसकट लिहितोय आणि निम्मंही झालेलं नाही.
त्यात दोन गोष्टींनी डोकं खाल्लंय. ५.० वर चालणारं लॉगिन ७.० वर चालत नाही. आणि हिस्टरी डॉट गेट (साठवलेल्या नोंदी मागणारी मेथड) मारलं की इंटरफेसच्या ट्रॅफिकचा डेटा येतो पण सीपीयू लोडचा सरळ रिकामा अ‍ॅरे, एरर नाही काही नाही, वेबवर ग्राफ मात्र मस्त दिसतोय. परमिशन तपासल्या, वेळेची रेंज तपासली. काय चुकतंय?

पॅकेटपंत
रिकाम्या अ‍ॅरेत सगळेच एकदा तरी पडतात. हिस्टरी डॉट गेटला हिस्टरी नावाचाच एक पॅरामीटर आहे, तो दिला नाहीस तर ३ धरला जातो, म्हणजे अनसाइन्ड पूर्णांक. ट्रॅफिक अनसाइन्ड असतो म्हणून आला, सीपीयू लोड फ्लोट असतो आणि फ्लोटचा नंबर ०. झॅबिक्स प्रत्येक प्रकारचा डेटा वेगळ्या टेबलात ठेवतो, तू चुकीच्या टेबलात शोधतोयस आणि तिथे खरंच काही नाहीये, मग एरर कशाला येईल. १ कॅरेक्टर, २ लॉग, ४ टेक्स्ट. आधी आयटम डॉट गेटने व्हॅल्यू टाइप आण, त्याप्रमाणे आयटमचे गट पाड आणि गटागटाने विचार. हे लायब्ररीनेच करायला हवं, वापरणाऱ्याला यातलं काही कळायलाही नको.
लॉगिनचं म्हणशील तर ५.४ ला युजर या पॅरामीटरचं नाव युजरनेम झालं, जुनं नाव थोडे दिवस चालू दिलं आणि मग काढून टाकलं. एपीआय टोकनही (लॉगिनऐवजी चालणारी किल्ली) ५.४ लाच आले, म्हणजे तुझ्या जुन्या सर्व्हरला लॉगिनशिवाय गत्यंतर नाही. शिवाय ६.४ पासून टोकन हेडरमध्ये बेअरर म्हणून पाठवता येतं आणि ७.२ मध्ये बॉडीतलं ऑथ (ओळख पटवणारं फील्ड) उडवलंच. तेव्हा पहिला कॉल एपीआयइन्फो डॉट व्हर्जन, तोही ऑथ न लावता (लावलं तर तो रुसतो), आणि मग काय कुठे पाठवायचं ते ठरव.

कंटाळलेला_ॲडमिन
क्लास लिहिणं आजच्या आज थांबव. हा सगळा एपीआय म्हणजे जेसन-आरपीसी, एकच यूआरएल, त्यावर पोस्ट, मेथडचं नाव आणि पॅरामीटर, संपलं. पायथॉनच्या गेटॲटरने (आधी न लिहिलेलं नावही पकडायची सोय) एपीआय डॉट होस्ट डॉट गेट लिहिलं की तेच नाव जोडून पाठवायचं, पन्नासेक ओळींत काम होतं आणि उद्या नवीन मेथड आली तर तुला काही करावं लागत नाही. एकच गंमत, कॉन्फिगरेशन डॉट इम्पोर्ट अशी मेथड आहे आणि इम्पोर्ट हा पायथॉनचा राखीव शब्द, तिथे सिंटॅक्स एररच येणार. शेवटी अंडरस्कोर लावून लिहायचं आणि पाठवताना तो काढायचा.
आणि सर्व्हर एरर देतो तेव्हाही एचटीटीपी स्टेटस २०० च असतो, एरर बॉडीत असते. नुसता स्टेटस बघून पुढे गेलास तर फसलास.

टाइपहिंटवाली
वरच्यांशी अर्धीच सहमत. गेटॲटरने ऑटोकम्प्लीट मरतं आणि होस्टच्या जागी होस्ट्स लिहिलं तर थेट सर्व्हरकडून शिव्या खाईपर्यंत कळत नाही. आमच्याकडे हा गेटॲटरचा पातळ थर तसाच ठेवलाय आणि फक्त रोजच्या सात-आठ कामांना नीट फंक्शन, टाइपसकट. आकडे स्ट्रिंग म्हणून येतात ना, आयटमआयडी, क्लॉक, स्टेटस सगळंच, ते रूपांतर त्या फंक्शनांत. आमच्या एका स्क्रिप्टमध्ये स्टेटस शून्य आहे का असं तपासलं होतं, स्ट्रिंगशी पूर्णांकाची तुलना, कधीच खरं होईना, आणि चालू होस्टांची यादी रिकामी येतेय हे कितीतरी दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.
बाकी रीट्राय (कॉल फसला की परत मारणं) जपून. गेटला कितीही वेळा करा. होस्ट डॉट क्रिएट टाइमआउट होऊन परत मारलं तर आधीच आहे म्हणून एरर येईल, ते परवडलं, पण इव्हेंट डॉट अ‍ॅकनॉलेजला तोच मेसेज दोनदा चिकटतो. आणि पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला आपणहून टाइमआउट नसतो, तो द्याच, नाहीतर सर्व्हर लटकला की स्क्रिप्टही लटकते.

पॅकेटपंत
टाइमआउटचं बरोबर. अजून एक राहिलं, गेटमध्ये लिमिट आहे पण ऑफसेट नाही, त्यामुळे पानापानाने आणणं विसरा. हिस्टरी वेळेचे तुकडे करून आणावी लागते, आणि दोन्ही टोकं धरली जातात, म्हणजे पहिला तुकडा जिथे संपला त्याच सेकंदाला दुसरा सुरू केला तर त्या सेकंदाच्या नोंदी दोनदा येणार. पुढचा तुकडा एक सेकंद पुढून सुरू कर. फार जुना डेटा लागत असेल तर ट्रेंड बघ, तासाचे किमान, कमाल, सरासरी.

कंटाळलेला_ॲडमिन
@रात्रपाळीवाला डेटा पाठवणारा भागही लिहिणार असशील तर तो वेगळा ठेव, तिथे एचटीटीपी नाही, १००५१ पोर्टवर त्यांचा स्वतःचा प्रोटोकॉल. तिथे तर अजून कहर, उत्तरात सक्सेस येतं आणि आतल्या माहितीत फेल्ड १ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पोचलं पण घेतलं नाही, बहुतेक वेळा आयटमची की (ओळखनाव) चुकलेली असते नाहीतर आयटम ट्रॅपर (बाहेरून पाठवलेला डेटा घेणारा) प्रकारचा नसतो. ती ओळ वाचून आकडा काढ. आणि झॅबिक्सवाल्यांची स्वतःची पायथॉन लायब्ररी पण आहे, झॅबिक्स-युटिल्स, एकदा वाचून बघ, पण ती झॅबिक्स ५.० आणि त्यापुढच्याच आवृत्त्यांवर चालते एवढं लक्षात ठेव.

रात्रपाळीवाला
हिस्टरीचं तंतोतंत तेच निघालं, ० दिल्यावर सीपीयू लोड धाडकन आला. क्लासांची फोल्डर उडवली, जीव तुटला पण उडवली, आता पातळ थर आणि वरती नऊ फंक्शनं. व्हर्जन बघून लॉगिन ठरवणं दोन्ही सर्व्हरवर चालतंय. आज रिव्ह्यूला टाकलं तर टीममधल्या एकाने इम्पोर्टच्या मागचा अंडरस्कोर टायपो समजून काढून टाकला आणि फाइल का चालत नाही म्हणून मलाच फोन.