म्हादईच्या काठानं: तुमचे अनुभव लिहा

पाऊस ओसरला की बेळगाव-खानापूरची बरीच मंडळी जांबोटीच्या रस्त्याला लागतात. म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात, देगावजवळ भीमगडच्या रानात उगम पावते आणि पुढं गोव्यात मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. 2011 साली हे रान अभयारण्य झालं, साधारण 190 चौरस किलोमीटरचं, त्यामुळं वाटेल तिथं गाडी लावून नदीत उतरायचं दिवस गेले आणि ते चांगलंच झालं असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी ही नदी जवळून बघितलीय त्यांनी इथं लिहा. पाणी कसं होतं, परवानगी कुठं लागली, काय दिसलं, सगळं सविस्तर येऊ दे.

जांबोटीकर
मी ह्याच रानात वाढलोय म्हणून पहिलं एक सांगतो, भर पावसात नदीच्या अंगाला जाऊ नका. ह्या पट्ट्यातल्या आमगावला 2010 साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झालाय, यावरून अंदाज करा. तुमच्या डोक्यावर ऊन असतंय आणि वर डोंगरात ओतत असतंय. स्वच्छ पाण्यात एकदम पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या, तळातला दगड दिसायचा बंद झाला की उठायचं आणि वर चढायचं, पिशवी राहिली तर राहू दे. आणि साकवाबद्दल लिहितोच. आमच्याकडं कितीतरी गावांत पावसाच्या तोंडाला माणसं स्वतः ओढ्यावर साकव घालतात, दोन्ही काठांच्या झाडांना लाकडं बांधून, वर आडव्या काठ्या, धरायला एका अंगाला बांबू. आमच्या काकांनी मला शिकवलं, पाय आडवा टाक, घाई करू नको, खाली पाण्याकडं बघू नको, पलीकडच्या झाडावर नजर ठेव. एका वेळी एकच माणूस. ट्रेकला आलेली चार-चार पोरं त्याच्यावर उभी राहून व्हिडिओ करताना मी बघितलो, थांबवलो पण. तो साकव मोडला तर पलीकडच्या गावची पोरं शाळेला कशी जायची ओ? आजारी माणसाला कुठनं आणायचं?

टिळकवाडी_पॅडल
दादा, साकवाचं वाचून आमच्या ग्रुपवर पण टाकतो. मी राफ्टिंगचं लिहितो. आपल्या बाजूला अभयारण्यात ते नाही, पण खाली गोव्यात सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात म्हादईवर राफ्टिंग असतंय, चोर्ला घाट उतरून गेलं की झालं. दांडेलीला काळी नदीवर केलेल्यांना वाटतं तसंच असेल, पण तसं नाही. काळीला वरच्या सुपा धरणातनं पाणी सोडतात म्हणून पाऊस नसताना पण तिथं राफ्ट चालते, म्हादईचं सगळं पावसावर, जोर कमी झाला की दगड वर येतात आणि राफ्ट घासायला लागते. मला आवडलं ते एवढ्यासाठीच, रात्री जो पाऊस पडला तोच सकाळी तुमच्या पॅडलखाली असतो. गाइड किनाऱ्यावरच तासभर शिकवत होता, पाण्यात पडलात तर पाय पुढं करून पाठीवर तरंगा, उभं राहायला जाऊ नका, दगडात पाय अडकला की पाण्याचा जोर माणसाला दाबून धरतो. हे वाक्य पोहायला येणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावं. लाइफ जॅकेटचे पट्टे दुसऱ्याकडनं ओढून बघा, सैल असेल तर ते जॅकेट गळ्याशी येतं.

रानवाट_शहापूर
मी प्राणिशास्त्र शिकते. वनखात्याची परवानगी काढून हिवाळ्यात सरांबरोबर काठानं चाललो होतो. पाण्यालगतच्या एका सपाट दगडावर काळपट, भुसभुशीत विष्ठा होती, काडीनं उकलली तर आत नुसते खेकड्याच्या कवचाचे तुकडे, लालसर, नखाएवढे. बरोबरचे वनरक्षक म्हणाले पाणमांजर. ते दिसलं नाही, पण त्या दगडापाशी आम्ही किती वेळ बसलो होतो! बारापेडे गुहेत मात्र जाता येत नाही आणि कुणी जाऊ पण नये. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ तिथलं, 1913 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि कितीतरी वर्षं जगात ते ह्या एकाच ठिकाणचं माहीत होतं. आपल्या तालुक्यात ही गोष्ट आहे आणि आपल्याच कॉलेजात निम्म्या मुलांना माहीत नाही, ह्याचं फार वाईट वाटतं. जळवांसाठी मीठ जवळ ठेवा, पण पाण्यात टाकू नका.

कणकुंबीचा_पावणा
आमच्या कणकुंबीला मलप्रभेचा उगम, ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि थोडक्याच अंतरावरचं पाणी म्हादईतनं पश्चिमेला जातंय. कळसा-बंडुरीचा, म्हणजे म्हादईला मिळणाऱ्या ह्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेकडं वळवायचा वाद त्यातलाच, 2018 च्या म्हादई पाणीवाटप लवादाच्या निकालात त्यासाठी कर्नाटकाला 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलंय. मलप्रभेच्या खालच्या भागातल्या लोकांना पाणी पाहिजे हे मला कळतंय, तहान खोटी नसते. पण मी ह्या ओढ्यांत पोहायला शिकलोय, ते आटलेले मला बघवणार नाहीत. नदी बघायला येणाऱ्यांनी नुसता धबधबा न बघता हे वरचे बारके ओढे पण बघावेत, नदी त्यांचीच झालेली असते.

अनगोळची_आई
मुलांना घेऊन यायचं म्हटलं तर कुठपर्यंत सोडतात? वज्रपोहा धबधबा बघायची पोरांची फार इच्छा आहे.

जांबोटीकर
ताई, वज्रपोहा जंगलाच्या आत आहे, विनापरवाना गेलात तर केस होते, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालतात. आधी खानापूरला वनखात्याच्या ऑफिसात चौकशी करा, त्यांनी सांगितलं तरच निघा. नाहीतर पोरांना घेऊन कणकुंबीला माउलीच्या देवळाकडं या, उगम बघा, येताना जांबोटीत पेढे घ्या. पाऊस कमी झाल्यावर या, पोरांच्या पायात पकड असलेले बूट असू देत.