मदत हवी आहे: अक्रोडाच्या सालीचा रंग टिकवायचा कसा?

मंडळी, अक्रोडाच्या हिरव्या सालीपासून घरी रंग करणारं कुणी आहे का इथे? टणक कवच नव्हे, त्याच्यावरचं मांसल आवरण. आपल्या कोल्हापुरात अक्रोड येतो तो कवचातला नाहीतर सोललेला, त्यामुळे ही साल बघायलाही मिळत नाही. भाचा काश्मीरला असतो, त्यानं सप्टेंबरच्या काढणीनंतर वाळवून पाठवली.

रात्रभर भिजवली, मंद आचेवर उकळली, सुती फडक्यातून गाळली. तपकिरी असा आलाय की बघत राहावं! तुरटीबिरटी न लावताही लोकरीवर बसतो, कारण सालीतलं जुग्लोन हे रंगद्रव्य थेट धाग्याला धरतं. गंजक्या खिळ्यांचं पाणी थोडं घातलं की काळपट होतो. हातमोजे मात्र घालाच, बोटांवरचा डाग साबणाला दाद देत नाही.

अडचण साठवणीची आहे. बरणीत ठेवला की थोड्याच दिवसांत वर पांढरी बुरशी. फ्रीजला घरच्यांचा विरोध (रास्तच आहे, आमसुलाचं सार समजून कुणी प्यायलं तर!). लवंगेचं तेल घालता की स्पिरिट, आणि लिटरमागे किती? शाईसारखा कागदावर वापरला तर स्पिरिटनं रंग फुटतो (पसरतो) का? आटवून पूड केली तर आपल्या पावसाळ्यात ओल धरेल?

आणखी एक. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चपलेच्या कातड्यावर कुणी हा लावलाय का? तेल द्यायच्या आधी की नंतर? चपला करणाऱ्यांपैकी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.