जोन्स आडनावाबद्दल मदत हवी आहे (बाप इव्हान्स, मुलगा जोन्स?)

नमस्कार मंडळी, एका वेल्श मैत्रिणीच्या घराण्याची वंशावळ लावून देतेय, तिचं आडनाव जोन्स. १८३७ पासून तिकडे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आहे त्यामुळे तिथपर्यंत सगळं पटापट मिळालं, पण त्याआधीच्या चर्चच्या नोंदवह्यांत शिरलं की गाडं अडतं. एका नोंदीत मुलगा जोन्स आणि बाप चक्क इव्हान्स! दत्तक प्रकरण असेल का?

जोन्स म्हणजे जॉनचा मुलगा आणि जॉन हे हिब्रू योहानानवरून आलं, 'देव कृपाळू आहे' असा अर्थ, एवढं माहितीये. पण वेल्श लोक तर मुलगा म्हणून नावाआधी 'अप' किंवा 'अब' लावायचे ना, अप राइसचं प्राइस झालं, अप हाउएलचं पॉवेल, अब ओवेनचं बोवेन, मग जॉनच्याच बाबतीत हे का नाही झालं? आणि वेल्शच्या जुन्या वर्णमालेत 'जे' अक्षरच नाही तरी वेल्समधे सगळ्यात जास्त लोक जोन्सच कसे? प्लीज कुणीतरी समजवा.

प्रतिसाद:
ताई, दत्तक वगैरे काही नसणार. बापाचं पहिलं नाव बघा, जॉन असेल तर मुलगा जोन्स होणारच. तिथे पूर्वी घराण्याचं आडनाव नसायचंच, दर पिढीला बापाचं नाव लागायचं, आणि खेड्यापाड्यांत हे अठराव्या शतकातही चालू होतं. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी कोर्टकचेरीचं काम इंग्रजीत गेलं, मग 'अप' गळून इंग्रजी पद्धतीने नावाच्या शेवटी 'एस' लागायला लागला. त्यात मुलांची नावं मोजकीच, जॉन, डेव्हिड, विल्यम, टॉमस, म्हणून जोन्स, डेव्हिस, विल्यम्स इतके. अपजॉन आडनावही आहे बरं का! इव्हान हे जॉनचंच वेल्श रूप, म्हणजे इव्हान्स, जोन्स आणि बेव्हन (अब इव्हान) तिन्ही एकाच नावातून आलेत.

फक्त आडनावाने शोधू नका, गाव आणि शेतघराचं नाव धरून शोधा. बायकांच्या नोंदी बरेचदा माहेरच्या नावाने असतात तेही बघा. अ‍ॅबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयाने १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं ऑनलाइन फुकट ठेवलीयेत, त्यात मुलांची नावं असतात.

धागाकर्ती:
खूप खूप थँक्यू!! बाप जॉनच आहे! म्हणजे आजोबांचं पहिलं नाव इव्हान असणार ना? आज मृत्युपत्रांत तेच शोधते, शेतघराचं नाव आहे माझ्याकडे.