मदत हवी आहे: शाळूच्या पिठाचा इंजेरा तव्यावरून उचलताना तुटतो

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, शहापूर भागातली. आमच्या भिशीत जिची पाळी तिनं एका परदेशाचं जेवण करायचं असं ठरलंय. अट एकच, सामान खडेबाजार नाहीतर रविवार पेठेतलं हवं, ऑनलाइन मागवायचं नाही. पास्ता-नूडल्सला सगळ्या कंटाळल्यात, म्हणून मी इथिओपिया घेतला.

वाचायला लागले तर निम्मं सामान आपल्या डब्यांत आधीच आहे. कारळं मूळचं तिकडचंच, त्याचं तेलही ते स्वयंपाकात वापरतात. इंजेरा, म्हणजे तिथला आंबवलेल्या पिठाचा आंबोळीसारखा जाळीदार प्रकार, टेफ नावाच्या बारीक धान्याचा करतात, पण जोंधळ्याचाही करतात, म्हणजे शाळू आलाच. शिवाय तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा बुधवार-शुक्रवार उपवास, त्या दिवशी मांस, अंडी, दूध काही नाही. त्यामुळे आमच्यातल्या माळकरी बायकांचीही सोय झाली.

मिसिर वोत, म्हणजे मसूर डाळीचं तिखट कालवण, झकास जमलं. कांदा बारीक चिरून तेलाशिवाय मंद आचेवर परतायचा, खाली लागायला लागला की पाण्याचा हबका. पार लगदा झाल्यावरच तेल, आलं-लसूण आणि बेरबेरे मसाला. मसाल्यात रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, शिवाय धने, मेथी, ओवा, लवंग, दालचिनी. घाई करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, सगळी चव त्या कांद्यात आहे.

अडलंय ते इंजेऱ्यावर. पीठ सरबरीत भिजवून आंबूस वास येईपर्यंत ठेवते, पावसामुळे वेळ लागतोच. बिडाच्या तव्यावर ओतून झाकते. चव छान, पण जाळी नीट पडत नाही आणि उचलताना तुकडे होतात. त्याच्यावरच कालवण वाढायचं आणि त्याचाच तुकडा मोडून खायचं, तेव्हा लवचिक हवाच. मैदा घालता येत नाही, एकीला गहू चालत नाही. काय करू? आणि बेरबेरेत त्यांची कोरारिमा नावाची वेलची असते, तिच्या जागी काय घालू?

प्रतिसाद, निपाणीहून
ताई, भाकरीच्या पिठात उकळतं पाणी कशाला घालतो आपण? शाळूला गव्हासारखा चिवटपणा नाही, तो उकडीनंच येतो. तिकडेही हेच करतात, अब्सित म्हणतात त्याला. आंबलेल्या पिठावर साचलेलं पाणी ओतून टाका. वाटीभर पीठ बाजूला काढून दोन-तीन वाट्या पाण्यात शिजवा, खळीसारखं झालं पाहिजे. कोमट झालं की परत त्याच पिठात ढवळा आणि बुडबुडे येईपर्यंत थांबा. तवा चांगला तापलेला हवा. भोकं पडली की मग झाकण, उलटायचं नाही. उतरवल्यावर कापडावर निववा, गरम गरम एकावर एक रचलेत तर चिकटतील.

प्रतिसाद, खानापूरहून
आम्ही आंबोळीला घालतो तशी मूठभर उडीद डाळ वाटून घालून बगा. इथिओपियाचे लोक नाक मुरडतील, पण तुटणार नाही. आणि घावनाएवढाच करा, त्यांचा असतो परातीएवढा, घरच्या गॅसवर कडेपर्यंत आच पोचत नाही. कोरारिमाला साधी हिरवी वेलची आणि चिमूटभर मसाला वेलची. मसाला वेलची जास्त झाली की धुरकट वास सगळ्यावर चढतो.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. उकडीनं काम झालं! मधे सुरेख जाळी पडली, गुंडाळला तरी मोडला नाही. कडा मात्र अजून कोरड्या पडतात, आता आकार लहान करून बघते. उडीद तूर्तास राखून ठेवलाय. वेलचीचं प्रमाणही बरोबर बसलं.

आता एवढंच सांगा, भिशी सकाळी अकराला आहे आणि घरात तवा एकच. आदल्या रात्री करून ओल्या फडक्यात ठेवले तर मऊ राहतील, की शाळूच्या भाकरीसारखे सकाळी कडक होतील? कुणी ठेवून पाहिलेत का?