बाबानं सांगितलं म्हणून दोस्तापासून लपवलं, आता वाटेवर काटे पडले. काय करू?

धुऱ्यावरचा (आर्णी तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. लिहू का नको असं आठ दिवसांपासून चालू होतं, पण गावात कोणाजवळ बोललो तर अर्ध्या घंट्यात पानठेल्यावर जाते म्हणून इथं लिहून राहिलो. थोडं लांब होईन.

मी अन् माझा दोस्त, दोघंही पस्तिशीचे, पहिलीपासून एका बाकावर. वावरं लागून आहे, मधात फक्त धुरा, म्हणजे बांध. त्याचं वावर रोडाकडं अन् माझं मागं, म्हणून माझी बंडी, ट्रॅक्टर सगळं त्याच्या वावराच्या कडेनं जाते, लहानपणापासून तसंच पाहत आलो, कधी कोणी काही विचारलं नाही. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली होती ना, तेव्हा मीबी पडलो होतो. डोळ्यापुढं अंधारी, उलट्या थांबेना. यानंच मले मोटरसायकलवर मधात बसवलं, मागून त्याच्या भावानं धरलं अन् यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, पाच रात्री व्हरांड्यात झोपला. त्या टायमाले त्याचं सोयाबीन कापणीवर आलेलं होतं. कोणत्या माणसासंग माझं वाकडं झालं हे समजावं म्हणून सांगतो.

मागच्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, धुरा सरकून राहिला, दरसाली नांगराचं एक तास इकडं येते, तू मोजणी टाक. अन् त्याले सांगू नको, त्याच्या बापाले मी ओळखतो. मी टाकली. पैसे भरले, अर्ज केला, अन् त्यानंतर तीन महिने रोज त्याच्यासंग चहा पेलो पण शब्द काढला नाही. मोजणीची नोटीस शेजारच्या खातेदारालेबी जाते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नोटीस त्याच्या घरी पडली त्या संध्याकाळी तो कागद घेऊन माझ्या ओट्यावर आला. एवढंच म्हणाला, “तू तोंडानं सांगितलं असतं तर टेपाचं दुसरं टोक मीच धरलं असतं.” मी काय बोललो असेन? “बाबाले विचार.” ते दोन शब्द आजबी रात्री कानात येतात.

मग मले दुसरीकडून समजलं का त्याचे बाबा रोडाकडचे दोन एकर बाहेरच्या पार्टीले विकायच्या बोलण्यात आहे, अन् हे त्याले दिवाळीपासून ठाऊक होतं. समोरचं वावर गेलं म्हणजे माझी वाट गेली. त्यानंबी मले सांगितलं नाही, त्यालेबी घरून ताकीद होती. मी पानठेल्यावर चार लोकांत त्याले नाही नाही ते बोललो.

मोजणीत निघालं काय, तर एका टोकाले दोन फूट त्यायनं दाबलेलं अन् दुसऱ्या टोकाले दीड फूट आम्हीच. मृग लागला तसे त्यानं वाटेवर बाभळीचे काटे टाकले. यंदा थ्रेशर आत जाऊ शकलं नाही, सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली पडून आहे, आता कापसाची वेचणी, गाठोडे डोक्यावर किती वाहाव बायांनी? वेचणी लागताना वावरात पूजा करतात ना, ते सीतादही करायले दोन घरच्या बाया संग जायच्या, यंदा नाही गेल्या. पोळ्यात आमच्या जोड्या शेजारी उभ्या राहायच्या, यंदा तो तोरणाच्या पार त्या टोकाले. दसऱ्याले सोनं घेऊन आला नाही, मीबी गेलो नाही. त्याचा पोरगा अन् माझा पोरगा तिसरीत एकाच वर्गात आहे, माझा पोरगा परवा म्हणते, मी त्याच्याजवळ बसत नाही, आजोबानं बसू नको म्हणून सांगितलं. ते ऐकून पोटात कसंतरी झालं.

बाबा म्हणतात केस टाक. बायको म्हणते जाऊन बोला. मी जाऊ का? अन् गेलो तर बाबाले सांगून जाऊ का न सांगता?

कापूसकोंड्या (दारव्हा)

भाऊ, जा. उद्या नाही, आज जा. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माझे वडील एका पॅनलमधे अन् दोस्ताचे दुसऱ्या, दोघांलेबी घरून सांगितलेलं का रात्रीच्या बैठकीतलं बाहेर काढाचं नाही. एक दिवस आमच्या बैठकीतली गोष्ट फुटली अन् सगळ्यायनं माझ्याकडं पाहिलं. मी काढली नव्हती. पण त्यानंबी माझी बाजू घेतली नाही, कारण मग त्याच्यावर संशय आला असता. निवडणूक पाच वर्षांची होती, आमचं बोलणं बारा वर्षं झाले बंद आहे.

सात_बारा (नेर)

रस्त्याचं आधी सांगतो कारण त्याले मुदत आहे. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा टाकता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमचे काटे मृगात पडले म्हणजे डिसेंबर लागेपर्यंतच वेळ आहे. तहसीलदार जागा पाहतात, दोन्हीकडचं ऐकतात. वाटच नसेल अन् नवी पाहिजे असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३, त्यात बांधावरून रस्ता मागता येते. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहे, लोक घोळ करतात अन् चुकीच्या कलमाखाली अर्ज टाकून वर्ष घालवतात.

कोणी सलोखा योजना सांगेल तर ती तुमच्या कामाची नाही. ती २०२३ मधे आली, याच्या नावची जमीन त्याच्या ताब्यात अन् त्याची याच्या ताब्यात, असं बारा वर्षांपासून असेल तर अदलाबदलीच्या दस्ताले हजार रुपये मुद्रांक अन् हजार रुपये नोंदणी, अशी ती आहे. तुमचं धुऱ्याचं दोन फुटाचं प्रकरण आहे, ते दोघांनी उभं राहून दगड रोवले का संपते.

पण खरं सांगू, मी तहसीलच्या बाहेर अर्ज लिहून देण्याचं काम करतो. वाटेचे दावे लय पाहिले. निकाल लागते, काटे निघतात, बंडी जाते. पण ज्याच्या वावरातून जाते तो धुऱ्यावर उभा राहून पाहत असते अन् बंडीवाला मान खाली घालून हाकते. मुदत सांभाळा, अर्ज लिहून तयार ठेवा, पण टाकायच्या आधी एकदा त्याच्या घरी जाच.

वर्धेची_ताई (आर्वी)

दादा, तुम्ही सगळं लिहिलं पण एक नाही लिहिलं. तुमचे बाबा “त्याच्या बापाले मी ओळखतो” म्हणाले, म्हणजे काय ओळखतात? तुम्ही विचारलं का कधी? आमच्या घरीही सासरे एका घराचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. वीस वर्षं आम्ही त्या घरच्या हळदीकुंकवाला गेलो नाही, कारण कोणाला माहीत नव्हतं. सासरे गेल्यावर सासूबाईंनी सांगितलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एका रात्री काही बोलणं झालं होतं. एका रात्रीचं! अन् त्याच्यापायी माझी लेक तिच्या मैत्रिणीच्या लग्नात जाऊ शकली नाही. तुमचे बाबा आहेत तोवर विचारून घ्या. भांडायचं नाही, रात्री जेवण झाल्यावर शांत विचारायचं.

गावकरी_७२ (पुसद)

सगळे जा जा म्हणून राहिले म्हणून मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. मी बापाचं ऐकलं नाही. बाप म्हणे त्याच्यावर इतका भरोसा ठेवू नको, मी म्हणे तुम्ही जुन्या काळचे. कोऱ्या कागदावर सही दिली दोस्ताले, अन् आज माझं पावणेदोन एकर त्याच्या नावावर आहे. बाप कधीकधी बरोबर राहते. म्हातारा माणूस उगाच नाही बोलत. जाचं तर जा, पण रस्त्याची गोष्ट कागदावर करून घ्या, तो किती चांगला असला तरी.

भजनी (मोझरीजवळ)

गावकरी भाऊंचं दुःख खरं आहे पण यांच्या गोष्टीत दोस्तानं कुठं फसवलं? दोघांनीही फक्त लपवलं, अन् तेही बापाच्या शब्दाखातर.

मला द्रोण अन् द्रुपद आठवले. गुरूच्या घरी एकत्र वाढलेले, द्रुपद म्हणे राजा झालो की अर्धं राज्य तुझं. राजा झाल्यावर ओळख दिली नाही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, पुढचं पाहा. द्रोणानं आपल्या शिष्यांकडून द्रुपदाला बांधून आणलं, द्रुपदानं द्रोणाला मारणारा मुलगा यज्ञातून मागून घेतला. धृष्टद्युम्नानं द्रोणाला मारलं अन् अश्वत्थाम्यानं त्या धृष्टद्युम्नाला रात्री छावणीत मारलं. त्या दोघा पोरांचं आपसात काय वैर होतं? काहीच नाही. बापांचा हिशोब पोरांच्या हातात आला. तुमचा तिसरीतला मुलगा वर्गात जागा बदलून बसला ना, तिथंच मला भीती वाटली.

आमच्याकडं सामुदायिक प्रार्थनेला न बोलणारे लोकही एका सतरंजीवर बसतात. सुरुवात तिथूनही करता येईल, बोलायची जबरदस्ती नसते.

धुऱ्यावरचा (आर्णी तालुका, यवतमाळ)

मंडळी, चार दिवसांनी लिहून राहिलो. ताईनं म्हटलं तसं केलं. रात्री जेवण झालं, बाबा ओट्यावर सुपारी कातरत होते, मी बाजूला बसलो अन् विचारलं का काकासंग, म्हणजे दोस्ताच्या बाबासंग, तुमचं नेमकं काय झालं होतं. आधी चिडले. मग लय वेळ गप्प. मग जे सांगितलं ते मायलेबी माहीत नव्हतं.

मी चौथी-पाचवीत असतानाची गोष्ट. काकानं एका पतसंस्थेतून कर्ज काढलं, बाबा जामीनदार. लागून दोन वर्षं नापिकी झाली, हप्ते थकले अन् वसुलीवाले आमच्या दारी आले. बाबानं बैलजोडी विकली अन् पैसे भरले. घरी सांगितलं आत्याच्या लग्नाले पैसे लागले म्हणून. मले ती जोडी आठवते, ढवळ्याच्या कपाळावर काळा ठिपका होता, मी दोन दिवस जेवलो नव्हतो. काकाले वाटलं बाबा गावात सांगतील, बाबाले वाटलं काका पैसे बुडवतील. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिले अन् कोणी काही बोललं नाही.

मी विचारलं, मग पैसे भेटले का? बाबा म्हणाले अर्धे भेटले. बाकीच्याचं काय? तर म्हणाले, “बाकीच्यात त्यानं वाट देली.”

म्हणजे समजलं का तुम्हाले? ज्या वाटेवर माझ्या दोस्तानं काटे टाकले ती वाट म्हणजे त्याच्या बापानं फेडलेलं कर्ज आहे. त्याले काहीच माहीत नाही, त्याच्या हिशोबानं त्याचं घर आमच्यावर उपकार करत आलं. अन् ती जमीन विकायले निघाले तेव्हा बाबाले वाटलं आता शब्दबी गेला, म्हणून मोजणीचा हट्ट. हे त्यायनं मले तेव्हाच सांगितलं असतं तर मी मोजणी टाकलीच नसती, सरळ काकाकडं जाऊन बसलो असतो.

आता माझ्याजवळ अजून एक लपवायची गोष्ट झाली. मी एकटा जाऊन सांगितलं तर त्याच्या बापाची इज्जत त्याच्या पोरापुढं काढल्यासारखं होईन, तो अजून भडकन. नाही सांगितलं तर पुन्हा तेच, चहा प्या अन् तोंड बंद ठेवा. ते मले आता जमणार नाही. म्हणून मी बाबाले म्हटलं, मी बोलणार नाही, तुम्ही अन् काका दोघं बोला, आम्ही दोघं फक्त ऐकू. जे आहे ते एकदा सगळ्यांसमोर, अन् वाटेचं गावकरी भाऊ म्हणतात तसं कागदावर. दीड फूट आम्ही सोडतो, तेबी मी सांगून टाकलं.

बाबा काही बोलले नाही, आत जाऊन झोपले. मले वाटलं संपलं.

आज सकाळी पाच वाजता उठलो तर बाबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, चपला पायात, ओट्यावर बसून आहे. म्हणाले, काका सात वाजता वावरात निघून जाते, त्याच्या आधी गेलं पाहिजे.

सात_बारा भाऊ, अर्ज लिहून ठेवला आहे, खिशात नाही घेत. निघतो.