घरी केलेलं चायनीज चिकन गाडीवरच्यासारखं का होत नाही?

परळची_सून
नमस्कार सगळ्यांना. आमच्याकडे दर दुसऱ्या शनिवारी नाक्यावरच्या गाडीवरून चिकन मंचुरियन, चिकन चिली आणि शेजवान राईस येतो आणि पाच जणांचं म्हटलं की बिल हजाराच्या वर जातं, शिवाय ते तेल किती वेळा तापवलेलं असतं देव जाणे, म्हणून या महिन्यापासून घरीच करायचं ठरवलंय. दोनदा करून झालं आणि दोन्ही वेळा बिघडलं. तळताना पिठाचं कोटिंग अर्धं सुटून तेलात राहतं, चिकन चिवट होतं, ग्रेव्हीत टाकलं की वरचं सगळं लगदा होऊन जातं आणि ग्रेव्ही म्हणाल तर अक्षरशः खळ. परतताना भाज्यांना पाणी सुटतं ते वेगळंच. मुलगा चौदाचा आहे, तो काही न बोलता खातो पण मुलगी नऊ वर्षांची, तिने सरळ सांगितलं की आई गाडीवरचंच आण, आणि ते मला खूप लागलं. मी बोनलेस ब्रेस्ट वापरते, अर्धा किलोला एक अंडं आणि वाटीभर मैदा. सासूबाईंना बीपी आहे, त्यामुळे सोया सॉस आणि अजिनोमोटोचं काय करायचं तेही कळत नाही. श्रावण लागायच्या आत गटारीला एकदा तरी नीट जमवायचंय. कुठे चुकतंय?

भांडुपचा_कढईवाला
ताई, मी तीन वर्षं चुलतभावाच्या चायनीजच्या गाडीवर उभा राहिलोय म्हणून सांगतो, मोठा फरक आचेचा आहे. गाडीवर जी भट्टी असते तिची ज्योत कढईच्या काठाच्या वर येते, कोबी टाकला की त्याचं पाणी सुटेसुटेपर्यंत उडून जातं. घरच्या गॅसला ते जमत नाही आणि आपण वर पाच जणांचं एकदम टाकतो, मग कढई गार पडते आणि परतायच्या ऐवजी सगळं शिजायला लागतं. त्यामुळे घरी दोन माणसांपुरतंच एका वेळी करायचं, पाच जण असतील तर तीन वेळा, पाच मिनिटांचं काम असतं ते. कढई लोखंडाची घ्या, धूर दिसेपर्यंत तापवा मग तेल, नॉनस्टिक इतकी तापवायची नसते म्हणून ती नको. आणि गॅस पेटवायच्या आधी लसूण, आलं, मिरची, कांदा, सिमला मिरची सगळं चिरून आणि सॉस एका वाटीत मिसळून तयार पाहिजे, मधे बाटली शोधायला गेलात की लसूण जळलाच.

आता कोटिंग. चिकन धुतल्यावर चाळणीत निथळून मग कापडाने टिपून कोरडं करता का? बहुतेक नसाल करत. ओल्या चिकनवर पीठ टिकतच नाही. आणि वाटीभर मैदा फार होतो, म्हणूनच लगदा. अर्धा किलोला एक अंडं, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉर, दोन मैदा, आलं लसूण पेस्ट, मिरपूड, एक चमचा सोया, मीठ अगदी थोडं कारण सोयात असतंच. पीठ चिकनला चिकटून बसलं पाहिजे, भज्यासारखं वाहतं नको. अर्धा तास ठेवा. मग दोनदा तळायचं, पहिल्यांदा मध्यम आचेवर चार पाच मिनिटं, काढून दहा मिनिटं बाजूला, आणि वाढायच्या आधी मोठ्या आचेवर एक मिनिट. गाडीवर हेच करतात, दुपारी अर्धं तळून ठेवलेलं असतं ते संध्याकाळी ऑर्डरप्रमाणे परत पडतं, म्हणून ते ग्रेव्हीत पण कुरकुरीत राहतं.

खळीचं कारण म्हणजे कॉर्नफ्लॉर जास्त आणि लवकर. दोन वाट्या ग्रेव्हीला एक मोठा चमचा पुरे, गार पाण्यात कालवून, ग्रेव्ही उकळत असताना हळूहळू ओतायचं, ढवळत राहायचं, चकाकी आली की लगेच चिकन टाकून बंद. व्हिनेगर शेवटी, आधी टाकलं तर वास उडून जातो.

दादर_काकू
वरच्या दादांनी तळणीचं अगदी बरोबर सांगितलंय. माझं एवढंच म्हणणं की चिवटपणा ब्रेस्टमुळे आहे, चिकनवाल्याकडून बोनलेस मांडीचं काढून घे, तो देतो करून, थोडं महाग पडतं पण मांडीला चरबी असते त्यामुळे एक मिनिट जास्त झालं तरी सुकत नाही. ब्रेस्टच घ्यायचं असेल तर धाग्याला आडवे पातळ काप कर आणि अर्धा किलोला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं ठेव, मग दोन पाण्यांनी धू आणि कोरडं कर. सोड्यामुळे मांसातली प्रथिनं शिजताना एकमेकांना घट्ट आवळत नाहीत म्हणून ते मऊ राहतं. धुवायला विसरलीस तर साबणासारखी चव येते, ते मात्र लक्षात ठेव.

आणि दर वेळी तळायलाच हवं असं थोडंच आहे, चिकन चिलीसाठी मी तळत नाही. काप केलेल्या चिकनला अंड्याचा पांढरा भाग, एक चमचा कॉर्नफ्लॉर, थोडं मीठ, थोडं तेल लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते, मग हलक्या उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडून झाऱ्याने काढते. वरून पांढरं होतं, आतून थोडं कच्चं असतं, ते नंतर सॉसमध्ये पूर्ण शिजवायचं, एक काप तोडून बघायचा, आत गुलाबी दिसता कामा नये. ही चिनी स्वयंपाकातलीच पद्धत आहे, तिकडे बऱ्याचदा पाण्याऐवजी बेताच्या गरम तेलात करतात. सासूबाईंना हे दे, तळलेल्यापेक्षा नक्की बरं.

मुलुंड_किचन
बीपीबद्दल थोडं, कारण आमच्या बाबांमुळे हे सगळं मोजून मापून करावं लागतं. अजिनोमोटोला लोक उगाच घाबरतात आणि सोया सॉस मात्र बिनधास्त ओततात. जपानमध्ये 1908 साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून अजिनोमोटोची चव वेगळी काढली, आणि अजिनोमोटोत सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांशच असतं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात मात्र 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाची 2000 मिलिग्रॅमच्या आत आहे. म्हणजे दोन चमचे सोया, वर चिली सॉस, वर मीठ केलं की एका जेवणातच संपलं. मी मीठ पूर्ण बंद करते, सोया निम्मा, आणि आलं, लसूण, व्हिनेगर, मिरपूड वाढवते. आजींची वाटी ग्रेव्हीत सोया घालायच्या आधी बाजूला काढायची आणि त्यात अर्धाच चमचा घालायचा. त्यांच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐका.

मालवणी_गिरगाव
मंचुरियनला गाडीवरची चव हवी असेल तर हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून भरपूर घाला, जीव त्यातच आहे. हा पदार्थ चीनचा नाहीच, आपल्या मुंबईचा, 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी केला असं सांगतात, आलं लसूण हिरवी मिरची आपली नेहमीची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. म्हणून घरच्या मिक्सरच्या आलं लसूण पेस्टपेक्षा सुरीने चिरलेलं घाला, पेस्टने भाजीचा वास येतो. केचप मात्र घालू नका, प्लीज.

शेजवान चटणी घरीच करा, बाजारातली नुसती खारट असते. वीस ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास, वाटून घ्या, अर्धी वाटी तेलात बारीक लसूण आलं मंद आचेवर, मग वाटण, तेल सुटेपर्यंत, शेवटी व्हिनेगर साखर मीठ. लाल रंग ब्याडगीचाच येतो, खायचा रंग लागत नाही, आणि ती तिखटाला कमी त्यामुळे मुलीला पण चालेल. मी त्यात दोन तीन तिरफळं ठेचून टाकतो, आतली काळी बी काढून. चीनमधल्या सिचुआनची जी जीभ झिणझिणवणारी मिरी ती आपण बांगड्याच्या तिखल्यात घालतो त्या तिरफळाच्याच कुळातली. फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा.

दादर_काकू
चिलीला थोडं केचप घातलं तर मुलं आवडीने खातात हो, माझे नातू तसंच मागतात. मंचुरियनला नको हे मान्य.

परळची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. काल केलं. मांडीचं चिकन आणलं, टिपून कोरडं केलं, दोनदा तळलं, आणि भांडुपच्या दादांचं ऐकून तीन वेळा थोडं थोडं परतलं, उभं राहून पाय दुखले पण पाणी अजिबात सुटलं नाही. भात सकाळीच करून पसरून फ्रीजमध्ये ठेवला होता, तो पण मोकळा झाला. सासूबाईंना काकूंच्या पद्धतीने पाण्यातलं केलं, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मुलगी ताटातलं संपवून कढईतलं पुसून खात होती. कॉर्नफ्लॉर अजून किंचित जास्त पडतंय, पुढच्या वेळी पाऊण चमचा घेणार. तिरफळं मिळाली नाहीत, दादरला कुठल्या दुकानात बघू?

मालवणी_गिरगाव
मालवणी मसाले, कोकम, सुकी मच्छी ठेवणारं कुठलंही कोकणी दुकान बघा ताई, स्टेशनच्या बाजूला आहेत बरीच. वाळलेली, तोंड उघडलेली घ्या, नुसता वास घेतला तरी कळतं.