नोकरी सांभाळून चाळिशीच्या उंबरठ्यावर बॅले शिकणे: रत्नागिरीत राहून कितपत शक्य आहे?

सुरंगी, रत्नागिरी

नमस्कार. मी रत्नागिरीत एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे आणि माझे वय ३८ आहे. लहानपणी कोणतेही नृत्य शिकण्याचा योग आला नाही. गेल्या दिवाळीनंतर मुंबईतील एका शिक्षिकेचा, प्रौढ नवशिक्यांसाठी असलेला बॅलेचा ऑनलाइन वर्ग मी सुरू केला. तो रविवारी सकाळी असतो. इतर दिवशी शाखेतून घरी येईपर्यंत संध्याकाळ सरलेली असते. मार्चअखेरीस तर वेळेचा हिशेबच राहत नाही, आणि पावसाच्या तोंडावर पीककर्जाच्या नूतनीकरणाची गर्दी सुरू झाली की पुन्हा तीच गत होते. स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास आटोपल्यावर रात्री जेमतेम अर्धा तास माझ्या हाती उरतो.

वर्गात आजवर मुख्यतः प्लिए (गुडघे वाकवणे), तांद्यू (सरळ पाय जमिनीवरून सरकवत बाहेर ताणणे), रेलेव्हे (चवड्यांवर उठणे) आणि हातांच्या मूळ स्थिती एवढेच झाले आहे. शिक्षिका अत्यंत काळजीपूर्वक शिकवतात, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र रोजच्या त्या अर्ध्या तासात नेमके काय करावे, हे मला ठरवता येत नाही. सध्या बैठकीच्या खोलीत खिडकीचा गज धरून मी सराव करते. खाली गुळगुळीत लाद्या आहेत. घर जुने, जांभ्याचे आहे आणि माडीवर लाकडी जमीन आहे, पण तिथे सराव करणे सुरक्षित आहे का, हे कळत नाही. प्रत्यक्ष वर्गासाठी मधूनमधून मुंबईला जाण्याने खरोखर फरक पडतो का, हाही प्रश्न आहे. शिवाय पाय अपेक्षेइतके बाहेर वळत नाहीत आणि अलीकडे डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखते.

शेवटचे म्हणजे, या प्राथमिक हालचालींतून प्रत्यक्ष नृत्याकडे जायला माझ्यासारखीला किती काळ लागेल? मला रंगमंचावर जायचे नाही, परंतु जे करीन ते बॅले असावे, नुसता व्यायाम नसावा, अशी मनापासून इच्छा आहे.

वाशिष्ठी, चिपळूण

सुरंगीताई, मी पस्तिशी ओलांडल्यावर पुण्यात महाविद्यालयात शिकवत असताना बॅले सुरू केले आणि चिपळूणला आल्यावरही तो सराव सोडलेला नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

तुम्ही आज जे करता आहात ते बॅलेच आहे. पॅरिस किंवा सेंट पीटर्सबर्गच्या मोठ्या कंपन्यांतील नर्तक आपला दिवस ज्या वर्गाने सुरू करतात, त्या वर्गाचा आरंभ आधाराच्या दांड्याशी उभे राहून केलेल्या प्लिएनेच होतो, त्यामागोमाग तांद्यू येतात, आणि ही सवय त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकते. प्रत्येक उडी प्लिएतून निघते आणि प्लिएतच उतरते. जमिनीवरून पाय सुटण्याची प्रत्येक क्रिया तांद्यूतून जाते. त्यामुळे या हालचाली एकदाच्या उरकून पुढे जायचे, असा विचार मनातून काढून टाकावा. मोबाईलवर संथ पियानो लावून, संगीताच्या मात्रा पूर्ण वापरून, मान आणि नजर यांसह केलेला एक तांद्यू हे नृत्य असते, आणि तोच घड्याळाकडे बघत केला तर तो व्यायाम होतो.

आता अर्ध्या तासाविषयी. एवढ्या वेळात अख्खा वर्ग बसवायचा प्रयत्न करू नका. पाच-सात मिनिटे घरातल्या घरात चालून आणि घोटे फिरवून शरीर गरम करावे, मग थोडे प्लिए, आणि उरलेला वेळ एकाच गोष्टीला द्यावा. उदाहरणार्थ, एका आठवड्यात फक्त तांद्यू. पहिल्या स्थितीत, म्हणजे टाचा जुळवून आणि चवडे बाहेर वळवून, उभे राहून पाय पुढे सरकवताना आधी टाच सुटते, मग चवडा, आणि बोटांची टोके मात्र जमिनीला लागलेली राहतात. परत येताना बोटे, चवडा, टाच असा उलटा क्रम होतो. चार मात्रांत बाहेर, चार मात्रांत आत, असे पुढे, बाजूला आणि मागे करावे. पाय मागे जाताना ज्या पायावर उभ्या आहात त्या बाजूचे कंबरेचे हाड खाली बसते का, एवढेच लक्ष देऊन पाहा. या एका निरीक्षणाला कित्येक आठवडे सहज पुरतात.

खिडकीचा गज मात्र आजच सोडून द्या. गज हाताच्या मुठीत मावतो, म्हणून बोटे नकळत तो आवळतात. बोटे आवळली की खांदा वर चढतो आणि वजन त्या बाजूला झुकते. स्वयंपाकाचा ओटा किंवा उंच पाठीची जड खुर्ची अधिक चांगली, कारण तिच्यावर हात नुसता टेकवता येतो. व्यायाम चालू असताना मध्येच बोटे क्षणभर उचलून पाहावीत. शरीर कलंडले तर वजन पायांवर नव्हते, हातावर होते.

यूट्यूबवरील निरनिराळ्या शिक्षकांचे व्हिडिओ एकत्र करून सराव करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रशियातील वागानोव्हा पद्धत, इटालियन चेकेत्ती पद्धत आणि लंडनमध्ये १९२० साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा अभ्यासक्रम या सर्वांचा गाभा एकच असला, तरी तपशील वेगळे आहेत. दोन्ही हात डोक्यावर गोलाकार धरण्याची स्थिती वागानोव्हा पद्धतीत तिसरी मोजली जाते आणि इतर बहुतेक ठिकाणी पाचवी. नवशिक्याचा निम्मा गोंधळ अशा गोष्टींतून होतो. तुमच्या शिक्षिका कोणती पद्धत शिकवतात हे विचारून घ्यावे आणि निदान पहिली दोन वर्षे तीच धरावी.

मुंबईला जाण्याने फरक पडतो, आणि बराच पडतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच बाजू दिसते. पाठ किंचित मागे गेली आहे किंवा पायाचा अंगठा जमिनीवरून सुटला आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेच्या नजरेला आणि हाताला लगेच कळते. तुम्हाला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेची सुट्टी असते. दीड-दोन महिन्यांतून एकदा शुक्रवारी रात्री कोकणकन्येने निघावे, शनिवारी शिक्षिकेकडून एक तास फक्त तुमच्यासाठी मागून घ्यावा आणि रात्रीच्या गाडीने परतावे. गाडीतून उतरून थेट वर्गात उभे राहू नये, कारण रात्रभर बर्थवर अवघडलेले शरीर मोकळे व्हायला दोन-तीन तास लागतात. त्या एका तासात नवीन काही शिकण्यापेक्षा, घरी सुधारता येतील अशा एक-दोन गोष्टी शिक्षिकेकडून निश्चित करून आणाव्यात.

वयाच्या बाबतीत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्यांचा जन्म १९०४ सालचा. विशी ओलांडल्यावर त्यांची विख्यात रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पावलोव्हाशी ओळख झाली, पावलोव्हाच्या कंपनीतील क्लिओ नॉर्डी यांच्याकडे त्या बॅले शिकल्या आणि भरतनाट्यमकडे त्या त्यानंतर वळल्या. १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र या चेन्नईतील नृत्यसंस्थेची स्थापना केली. त्या असामान्य होत्या हे खरेच, परंतु भारतीय नृत्याच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या व्यक्तीची सुरुवात प्रौढपणी आणि तीही बॅलेच्या प्राथमिक धड्यांनी झाली, हे प्रौढ विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फिजिओ, कुडाळ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त गुडघ्याबद्दल लिहितो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही तुम्ही केलेल्या वर्णनावरून एका गोष्टीची शंका येते.

बॅलेमध्ये पाय बाहेर वळवण्याची क्रिया, जिला टर्नआउट म्हणतात, ती खुब्याच्या सांध्यातून व्हायला हवी. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीचा खुबा सुमारे ४५ अंश बाहेर वळतो. म्हणजे दोन्ही पावलांमध्ये नव्वद अंशांच्या आसपासचा कोन होतो, आणि चित्रांत दिसणारी १८० अंशांची सरळ रेष नवशिक्यासाठी नसते. ती रेष साधण्यासाठी आधी पावले जमिनीवर हव्या त्या कोनात ठेवून मग गुडघे सरळ केले, तर उरलेली सगळी पिळवट गुडघ्यावर आणि पावलाच्या कमानीवर येते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. लाद्या गुळगुळीत असल्यामुळे पावले सहज सरकतात आणि आपण खोटा कोन तयार केला आहे, हे ध्यानातही येत नाही.

तुमचा खरा कोन असा काढा. पावले समांतर ठेवून, गुडघे सरळ ठेवून, वजन टाचांवर घ्या, पुढचा भाग किंचित उचला आणि मांड्या खुब्यातून बाहेर फिरवा. पावले जिथे थांबतील तिथेच खाली टेकवा. प्लिए करताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत जातो का, ते आरशात पाहा. तो आत पडत असेल तर कोन आणखी कमी करा. दिवसभर खुर्चीत बसण्याने खुब्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखडतात, म्हणून शाखेत तासाभराने उठून थोडे चालावे आणि रात्रीच्या सरावानंतर, आधी नव्हे, एक पाय पुढे व एक गुडघा जमिनीवर अशा स्थितीत अर्धा मिनिट ताण द्यावा. मांडीचे किंवा पोटरीचे स्नायू दुसऱ्या दिवशी जड होणे स्वाभाविक आहे, पण सांध्यात टोचल्यासारखी कळ येणे स्वाभाविक नाही. दोन आठवडे कोन कमी ठेवूनही दुखणे राहिले, किंवा गुडघ्याला सूज आली, तर अंगावर काढू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

टोकांवर उभे राहण्याच्या पॉइंट शूजचा विषय तुम्ही काढला नाही, हे चांगले केलेत. किमान दोन-तीन वर्षांच्या नियमित प्रत्यक्ष वर्गांनंतर आणि शिक्षिकेने स्वतः पाय तपासून परवानगी दिल्यावरच त्याचा विचार करावा.

सुरंगी, रत्नागिरी

दोघांचेही मनापासून आभार. वर सांगितल्याप्रमाणे कोन काढून पाहिला. मी आजवर ज्या कोनात उभी राहत होते त्यापेक्षा तो बराच कमी निघाला आणि त्या कोनात प्लिए करताना गुडघा दुखला नाही. ओट्याशी केलेला तांद्यूही पुष्कळ कठीण वाटला, त्यामुळे गजाबद्दलचे म्हणणे पटले. आता माडीचा प्रश्न उरला आहे. तसेच पावसाळ्यात बुटांचे काय करावे, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल. सध्याचे चामड्याचे आहेत आणि गेल्या महिन्यापासून त्यांवर बुरशी दिसू लागली आहे.

सागवान, सावंतवाडी

मला बॅलेतले काही कळत नाही, पण लाकूडकामाच्या व्यवसायात असल्यामुळे माडीबद्दल निश्चित सांगू शकतो.

तुमची माडी कडीपाटाची असेल, म्हणजे तुळयांवर कड्या आणि त्यांवर उघड्या फळ्या असतील, तर त्या जमिनीला थोडी लवचीकता असते आणि ती लादीपेक्षा पायांना नक्कीच मानवेल. फळ्यांवर मातीचा थर देऊन सारवलेले असेल तर तो फायदा फारसा उरत नाही. आधी खालून पाहणी करा. जांभ्याच्या भिंतीत गेलेली तुळईची टोके ओल धरतात आणि तीच सर्वांत आधी कुजतात, म्हणून तिथे हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, भुसा गळत असला किंवा वाळवीची माती दिसली, तर सुताराला दाखवल्याशिवाय वर सराव करू नये. सगळे ठणठणीत असले तरी जुन्या माडीवर उड्या नकोत. वर आलेले खिळे ठोकून घ्यावेत आणि फळ्यांना तेल किंवा पॉलिश लावू नये, कारण त्याने पाय घसरतो.

पुढे कधी उड्यांसाठी जागा करायची झाली, तर तळमजल्यावर सहा फूट बाय आठ फुटांचा लाकडी तळ करून घेता येतो. आडव्या-उभ्या पट्ट्यांचे दोन थर, खाली रबराचे तुकडे आणि वर जाड मरीन प्लायवुड, एवढ्यावर काम भागते. आपल्याकडच्या दमट हवेत साधे प्लायवुड फुगते, तिथे पैसे वाचवू नयेत.

वाशिष्ठी, चिपळूण

तळ तयार होईपर्यंत लादीवर गालिचा टाकून उड्या मारण्याचा विचार कोणाच्या मनात येऊ शकतो, म्हणून लिहिते: मऊ गालिच्यात पाऊल रुतते, वळताना पाऊल अडकते आणि गुडघा मात्र फिरत राहतो. उड्यांच्या जागी तेवढ्याच मात्रांत सावकाश रेलेव्हे करावेत; त्यांनी पोटऱ्या आणि घोटे उड्यांसाठी तयार होतात.

बुटांसाठी जून ते सप्टेंबर कॅनव्हास वापरावा. ते हाताने धुता येतात. पंख्याखाली, आत कागदाचे बोळे घालून ठेवले तर दुसऱ्या दिवशी सरावाला घालता येण्याइतके वाळतात. दोन जोड असले तर चिंताच नको. चामड्याच्या जोडावरील बुरशी कोरड्या कापडाने घराबाहेर झटकून काढावी आणि ऊन मिळेल तेव्हा उन्हाशेजारच्या सावलीत, थेट उन्हात नव्हे, ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नये, कारण ओल आतच कोंडली जाते. नवीन जोड घेताना अखंड तळाचा घ्यावा. दोन तुकड्यांच्या तळाचे बूट पायात सुंदर दिसतात, पण अखंड तळ वाकवताना पावलाच्या स्नायूंना जे काम पडते ते तुम्हाला सध्या हवे आहे. मापात वाढीची जागा ठेवू नये. बोटे सरळ राहून टोकाला नुसती लागतील इतका बूट घट्ट असावा, आणि इलॅस्टिक स्वतः पायात घालून, खूण करून, मगच शिवावे.

सरावाच्या वेळी सलवार न घालता गुडघा दिसेल असे अंगाबरोबरचे कपडे घालावेत. कुडाळच्या फिजिओंनी सांगितलेली गुडघ्याची रेष त्याशिवाय तुम्हालाही दिसणार नाही आणि कॅमेऱ्यातून शिक्षिकेलाही दिसणार नाही. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर, पावलांपासून डोक्यापर्यंत सर्व दिसेल एवढा दूर ठेवा. तांद्यू पुढे आणि मागे करताना मात्र शिक्षिकेला तुमची बाजू दिसेल असे उभे राहा.